‘काही नाही’ म्हणजे काय?

आपल्या मराठी घरांत दोन शब्दांचे एक वाक्य आहे. ते शिवी नाही, शाप नाही, टोमणाही नाही. म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट असे काही नसतेच. पंगतीत हशा पिकतो, कोपऱ्यातले आजोबा मान पुढे करून विचारतात, “काय झालं? काय म्हणाला तो?” आणि कोणीतरी ताटावरची नजर न उचलता म्हणते, “काही नाही.” विषय संपला. आजोबा मागे सरकून बसतात, आणि सगळे हसताहेत म्हणून आपणही थोडे हसतात.

या ‘काही नाही’शी मला आज भांडायचे आहे. दिवाळीच्या अंकात गोडधोड वाढायचे सोडून ही बाई कारले का वाढते, असे कोणी म्हणेल. पण सगळी माणसे एका छपराखाली जमण्याचे दिवस वर्षातून हेच. आणि हे वाक्य सर्वांत जास्त वेळा बोलले जाते तेही याच दिवसांत. तेव्हा भांडण आत्ताच झालेले बरे.

आंधळ्या माणसाचा हात धरून आपण त्याला रस्ता ओलांडून देतो. आपल्या म्हणीतला आंधळा एक डोळा मागतो आणि देव त्याला दोन देतो. बहिऱ्याला मात्र देवही काही देत नाही आणि आपण देतो ते हसू. रंगभूमीवर बहिरा म्हातारा आला की प्रेक्षक सावरून बसतात. आता ‘भात वाढू का’ला तो ‘हात कुणाचा मोडला’ म्हणणार आणि थिएटर डोक्यावर घेतले जाणार, हे ठरलेलेच. लंगड्याच्या लंगडण्यावर कोणी नाटककार असा विनोद आज करील काय? केलाच तर लोक त्याला फाडून खातील. मग कानानेच काय घोडे मारले आहे? आणि आम्ही शिक्षक तरी काय कमी? “कान आहेत की भोकं?” हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एकूण एक शाळांच्या भिंतींनी ऐकलेला आहे. भिंतींना कान असतात म्हणून बरे.

जन्मतः ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याविषयी मी हे लिहीत नाही. त्यांची स्वतःची खुणांची भाषा आहे, तिला व्याकरण आहे, आपसात त्यांच्या गप्पा रंगतात. त्यांचे प्रश्न वेगळे आणि ते मांडायला ते समर्थ आहेत. माझा विषय आहे तो आयुष्यभर ऐकत आलेला आणि पन्नाशी-साठीनंतर हळूहळू ऐकू येईनासा झालेला आपल्या घरातला माणूस. त्याला ना खुणांची भाषा येते, ना आता आपली पुरती कळते.

बहिरेपणा म्हणजे आवाज बारीक होणे, अशी आपली ठाम समजूत आहे. जणू कोणी रेडिओचे बटण मागे फिरवले. म्हणून आपण ओरडतो. वस्तुतः प्रकार निराळा आहे. कानाच्या आत, हाडाच्या पोटात, गोगलगायीच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात साधारण १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच. मेली ती मेली, माणसात ती पुन्हा उगवत नाही. या शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खालच्या पट्टीचे. वयाने आणि गोंगाटाने आधी बळी जातात त्या तोंडाशी असलेल्या.

आता गंमत पाहा. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात. स, श, फ, थ, त, क, ख ही व्यंजने उंच पट्टीची आणि दुबळी. शब्दाला आवाज देतात ते स्वर, पण अर्थ देतात ती व्यंजने. ताट, पाट, खाट, काठ, साठ हे शब्द अशा कानाशी पोचतात तेव्हा त्यांतला ‘आ’ तेवढा धडधाकट असतो; बाकी सगळा धूर. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, “ऐकू येतं रे, पण कळत नाही.” हे रडगाणे नव्हे, निदान आहे. कोणत्याही तज्ज्ञाने याहून नेमके सांगितलेले नाही. तुम्ही ओरडलात की तो ‘आ’ आणखी मोठा होतो आणि बिचारे ‘त’ आणि ‘ख’ होते तिथेच राहतात. शिवाय अशा कानांचे आणखी एक दुखणे असते. बारीक आवाज ऐकूच येत नाही, पण तो थोडा वाढला की एकदम असह्य होतो. म्हणूनच “जरा मोठ्यानं बोल” पाठोपाठ दुसऱ्याच मिनिटाला “अंगावर ओरडतोस कशाला?” येते. दोन्ही खरे असतात. आपण मात्र म्हणतो, म्हातारपणी स्वभाव चिडका झाला.

याच्याही पुढचा आरोप म्हणजे सोयीचा बहिरेपणा. “आमच्या सासूबाईंना ना, हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!” हे वाक्य बायकांच्या बैठकीत मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला वीट आला आहे. मुलगा समोर बसून, खर्जातल्या आवाजात बोलतो ते सासूबाईंना कळते. सून ओट्याकडे तोंड करून, नळ चालू ठेवून, बारीक आवाजात विचारते ते कळत नाही. यात सोय कसली आणि कपट कसले? एकाचे ओठ दिसतात, पट्टी खालची आहे, खोली शांत आहे. दुसरीचे यांतले काहीच नाही. २०२० साली करोनाने सगळ्यांच्या तोंडाला पट्टी बांधली, तेव्हा कितीतरी माणसे ‘एकाएकी’ बहिरी झाली. ती तशी आधीपासूनच होती. इतकी वर्षे ओठ वाचून निभावून नेत होती, एवढेच.

हे निभावून नेणे फुकटात होत नाही. अर्धा शब्द ऐकायचा, उरलेला अर्धा ओठांवरून, विषयावरून, समोरच्याच्या भुवयांवरून जुळवायचा, आणि तो जुळेपर्यंत पुढची तीन वाक्ये निघून गेलेली असायची. १९६८ साली पॅट्रिक रॅबिट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आकड्यांची यादी ऐकवायची. पहिला अर्धा भाग स्वच्छ आणि दुसऱ्या अर्ध्यावर खरखर. गंमत अशी, की दुसरा भाग खरखरीत ऐकावा लागला की स्वच्छ ऐकलेल्या पहिल्या भागाचीही आठवण कमी होई. म्हणजे जी शक्ती ऐकलेले सांभाळून ठेवण्यात जायची, ती ऐकण्यातच खर्च झाली. हे तर धडधाकट कानांचे लोक होते, आणि खरखर काही मिनिटांची होती. आमच्या घरातल्या माणसाची खरखर सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत चालू असते. संध्याकाळी सातला तो “दमलो” म्हणून आत जाऊन पडतो तेव्हा सूनबाई म्हणते, “दिवसभर बसूनच तर होते!”

मी इचलकरंजीची. १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग बसला आणि तेव्हापासून गावाच्या कानात खटखट भरून राहिली आहे. माझे थोरले मामा याच खटखटीत ३८ वर्षे जॉबर होते. नुसत्या आवाजावरून कोणत्या मागाचा धोटा अडकणार आहे ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानाची मर्यादा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा, असा हिशेब जाणकार सांगतात. १०० डेसिबलला कानाच्या वाट्याला येतात ती फक्त १५ मिनिटे. मामांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कामगार कायद्याच्या यादीत धंद्याचा रोग म्हणून छापलेला आहे. पण कारखान्याच्या व्याख्येतच न बसणाऱ्या आठ-दहा मागांच्या शेडमध्ये ती यादी वाचून दाखवायला कोण जाणार? आणि वाचली तरी त्या आवाजात ती ऐकू कोणाला येणार?

तर या मामांच्या घरी एक बैठक झाली. मामांनी उतारवयात स्वतःचे चार माग घेतले होते. ते विकून टाकावेत, असे मुलांचे मत. सगळे बोलत होते, एकमेकांचे बोलणे तोडत होते, पंखा फिरत होता, बाहेर टेम्पो उभा होता. मामा मध्ये बसून मान डोलवत होते. महिन्याने माग उचलायला माणसे आली तेव्हा मामा दारात आडवे झाले. “मला कुणी विचारलं?” मुलगा म्हणाला, “अहो आबा, तुमच्यासमोर तर ठरलं! तुम्ही हो म्हणालात!” मामांना ते आठवेना. आठवणार कसे? जे आत गेलेच नाही ते बाहेर कोठून काढायचे? पण घरात निकाल लागला: आबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढे त्यांना डॉक्टरांकडे नेले, मी बरोबर होते. डॉक्टर भले गृहस्थ, घाईत होते. संगणकाच्या पडद्याकडे पाहत त्यांनी तीन शब्द सांगितले आणि पुन्हा म्हणायला लावले: आंबा, खुर्ची, रुपया. मामा म्हणाले, “तांबा, मिरची...” आणि थांबले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मी उठून औषधाच्या चिठ्ठीमागे ते तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आणि मामांच्या पुढे धरले. दहा मिनिटांनी विचारले तेव्हा तिन्ही शब्द आले, आणि वर मामांनी सांगितले की तुझा ‘ख’ नीट निघत नाही, ‘रव’ वाचला जातो. स्मरणशक्तीची परीक्षा तोंडी घ्यायची आणि कान आधी तपासायचेच नाहीत, ही कसली रीत? चष्मा काढून घेऊन वाचायला लावले आणि निरक्षर ठरवले, तर आपण त्याला काय म्हणू?

मी पडले मॅट्रिक झालेली, मुलांना चित्रकला शिकवणारी बाई. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. वैद्यकातले मला काय कळणार, असे म्हणणाऱ्यांसाठी ज्यांना कळते त्यांचे सांगते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या फ्रँक लिन यांनी २०११ साली ६३९ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला यांपैकी कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. सरासरी बारा वर्षांनी पाहिले, तर चांगले ऐकू येणाऱ्यांच्या मानाने थोडे कमी ऐकणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम बहिऱ्यांत तिप्पट आणि तीव्र बहिऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळला. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने, टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी केली, तीत कमी ऐकू येणे हे सर्वांत वजनदार कारणांपैकी एक आहे.

आता याचा अर्थ बहिरा माणूस वेडा होतो, असा काढाल तर माझ्याशी गाठ आहे! बहुतेकांचे तसे मुळीच होत नाही. आणि यंत्रे विकणारे ‘यंत्र लावा, स्मृतिभ्रंश टाळा’ अशा ज्या जाहिराती करतात, त्यांनाही मी दारात उभे करणार नाही. २०२३ साली अमेरिकेतच ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर रीतसर चाचणी झाली. तीन वर्षांनी एकंदर गटात यंत्राचा फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधीपासून धोका अधिक होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली आढळली. खरे आहे ते इतकेच. मेंदूत नेमके काय होते यावर विद्वानांत वाद आहे: काही म्हणतात अर्थ जुळवण्याच्या कष्टाने मेंदू थकतो, काही म्हणतात आवाजच न पोचल्याने तो भाग कृश होतो, काही म्हणतात माणूस एकटा पडतो म्हणून. पहिल्या दोहोंविषयी मी बोलू शकत नाही. तिसऱ्याविषयी मात्र कोणत्याही मराठी घरातली कोणतीही व्यक्ती साक्ष देऊ शकेल, कारण त्या माणसाला एकटे पाडणारे आपणच.

“पण यंत्र आणून दिलंय की! तेच लावत नाहीत, खणात पडलंय.” हा बचाव मला पाठ आहे. यंत्र म्हणजे चष्मा नव्हे, की नाकावर ठेवला आणि जग लख्ख दिसले. वर्षानुवर्षे शांत झालेल्या मेंदूवर एकदम भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःच्या चपलांचा फटफटाट येऊन आदळतो. त्याची सवय व्हायला आठवडे लागतात, यंत्र दोन-तीनदा नव्याने जुळवून घ्यावे लागते. या आठवड्यांत बरोबर कोण जाते? यंत्र देऊन मुले मोकळी होतात. म्हातारा घाबरून ते काढून ठेवतो. आणि मग ‘पैसे पाण्यात’ ही टेप सुरू होते. त्यातून लाज! चाळिशी लागली की चष्म्याची फ्रेम माणूस हौसेने निवडतो. कानाचे यंत्र मात्र ‘दिसणार नाही असं दाखवा’. का बाबा? डोळ्यांनी म्हातारे झालेले चालते, कानांनी का नाही?

सरकारचे कान त्याहून जड. मामांची तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत ५५ डेसिबलची घट निघाली. जागतिक आरोग्य संघटना ३५ डेसिबलच्या पुढे अपंगत्व आणणारा बहिरेपणा मानते. आमचा २०१६ चा कायदा मात्र ६० डेसिबलपासून मोजायला लागतो. ३८ वर्षे शेडमध्ये कान घालवूनही मामा पाच डेसिबलनी नापास झाले! ही परीक्षा अशी, की जितके जास्त गमवाल तितके पास. २०२४ साली राज्य सरकारने वयोश्री योजनेत ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र वगैरेंसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याचे ठरवले. ठीक आहे, देणाऱ्याचा हात मोडू नये. पण बऱ्यापैकी यंत्राची किंमत कित्येक हजारांत सुरू होते आणि लाखांत जाते, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घालायला हवे होते.

आणि आपण नवे बहिरे तयार करण्यात गुंतलो आहोत, ते वेगळेच. फटाक्याला कायद्याने चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ‘फक्त’ १२५! गणपतीपुढच्या भिंतींचा हिशेब मी मांडत नाही. त्यावर बोलले की लोक धर्म काढतात. गणपतीचे कान सुपाएवढे आहेत, ते ऐकण्यासाठी, हे मात्र सांगून ठेवते.

आमच्या शाळेत वळणार नाही म्हणून ओरडा खाणारी जी मुले असतात, त्यांतल्या काहींचे कान वाहत असतात किंवा पडद्यामागे पाणी साठलेले असते. सर्दी झाली की वाढते, उन्हाळ्यात कमी होते. गुरुजी म्हणतात, “परवा तर ऐकू येत होतं!” पुन्हा तोच सोयीचा बहिरेपणा. आठ वर्षांच्या पोराला इतके कपट कुठून यायचे? त्याला पहिल्या बाकावर बसवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. हा ‘ढ’ बहुधा औषधानेच बरा होण्यासारखा असतो.

बेथोव्हेन या थोर संगीतकाराने १८०२ साली भावांना उद्देशून एक पत्र लिहिले होते. ते त्याने पाठवले नाही. मृत्यूनंतर कागदांत सापडले. लोक मला माणूसघाणा म्हणतात, पण ‘मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही’ हे सांगायला माझी जीभ रेटत नाही, अशी त्यातली व्यथा आहे. पुढे १८१८ पासून त्याने वह्या ठेवल्या. भेटीला येणारा वहीत लिही, हा तोंडाने उत्तर देई. त्यांतल्या शंभरावर वह्या आजही आहेत आणि त्यांत बाजारभावापासून स्वयंपाकीणबाईंच्या तक्रारींपर्यंत सगळे आहे. मला त्या वह्यांचे कौतुक वाटते ते याचसाठी. त्या घरात ‘काही नाही’ असे कोणाला म्हणता येत नव्हते. जे काय होते ते लिहावेच लागे.

मामांच्या मागांपैकी दोन वाचले. ते आता नातू चालवतो. यंत्र मामा दिवसातून चार-पाच तास लावतात, शेडकडे जाताना काढून ठेवतात. त्यांच्या खुर्चीला आम्ही एक शाळेची पाटी अडकवली आहे. सूनबाईंनी आधी नाक मुरडले. पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही म्हणाल्या. परवा मी गेले तेव्हा पाटीवर त्यांच्याच अक्षरात होते: ‘भाजणी दळून आणायची आहे. चकल्या यंदा किती किलोच्या करायच्या?’ खाली मामांनी उत्तर दिले होते, ‘तीन’, आणि ‘किलोच्या’मधला ऱ्हस्व दीर्घ करून ठेवला होता. तो आधीच बरोबर होता, हे मी त्यांना लिहून दाखवले. मामांनी पाटी पुसली.